कामावरील अपघात व इजा : संबंध सिद्ध कसा होतो?

व्यापारी संघांच्या स्मरणिकांतून करांविषयी, परवान्यांविषयी व बाजारभावांविषयी लेख येत असतात, आणि ते आवश्यकच आहेत. यंदा आम्ही सदस्य बंधूंचे व त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. बिर्लानगरच्या गिरण्यांचे भोंगे थांबून आता बराच काळ लोटला. तथापि लष्करच्या दालबाजारातील वखारी, बाणमोर व मालनपूर येथील कारखाने आणि आग्रा-मुंबई रस्त्याने रात्रंदिवस धावणारे मालट्रक यांवर राबणाऱ्या माणसांची संख्या थोडी नाही. त्यांपैकी एखाद्यास इजा होते. ती कामामुळे झाली की अन्य कारणाने, असा प्रश्न मग उपस्थित होतो. आणि त्याच्या उत्तरावर त्या माणसाच्या घरची चूल अवलंबून असते.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी परिचयातील एका पेढीच्या गोदामात थप्पीवरून एक पोते घसरले व खाली वाकलेल्या हमालाच्या कमरेवर आले. मुनीमजी भले गृहस्थ. त्यांनी स्वतः रिक्षा बोलाविली, त्यास इस्पितळात नेले, औषधांचे पैसे भरले. मात्र केसपेपर लिहिताना डॉक्टरांनी ‘कसे लागले?’ असे विचारले, तेव्हा पोलिसांची कटकट मागे लागू नये म्हणून मुनीमजींनी उत्तर दिले, ‘घरी जिन्यावरून पडला.’ हमाल वेदनेने कण्हत होता. त्याने नुसती मान हलविली. त्या तीन शब्दांनी पुढे काय केले ते शेवटी सांगू.

आता कायद्याकडे वळू. कामावर इजा झालेल्या माणसास धन्याने काही द्यावे, ही कल्पना आपल्याकडे सरकारी दप्तरातच प्रथम जन्मली असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईस परळ येथे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या, व साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार यांबरोबरच त्यात आणखी एक मागणी होती. कामावर असताना जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि कायमचे पंगुत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी, अशी ती होती. त्यापूर्वी १८५५ चा प्राणघातक अपघातांविषयीचा कायदा अस्तित्वात होता खरा. पण त्याखाली मृताच्या वारसांना समोरच्याचा दोष किंवा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. गिरणीतील यंत्राने मेलेल्या माणसाच्या विधवेने गिरणीमालकाचा निष्काळजीपणा कसा सिद्ध करावा?

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला, आणि त्याने या बाबतीत मोठाच पालट केला. दोष कोणाचा हा प्रश्न त्याने बाजूस सारला, व त्याच्या जागी संबंध आहे काय, हा प्रश्न ठेवला. कामगार थोडा बेसावध होता, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. तो नशेत असेल, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्रावरील संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढले असेल, तर त्याच्या इजेची जबाबदारी मालकावर येत नाही. आणि मृत्यू ओढवल्यास या सबबीही चालत नाहीत. हा कायदा २०१० पासून कर्मचारी भरपाई कायदा या नावाने ओळखला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता अमलात येऊन तिने त्याची जागा घेतली. परंतु ज्या सूत्राभोवती आमचा विषय फिरतो ते तिने तसेच ठेवले आहे.

ते सूत्र असे की, इजा अपघाताने झालेली असावी, आणि तो अपघात नोकरीतून उद्भवलेला व नोकरीच्या ओघात घडलेला असावा. यात दोन निरनिराळ्या अटी आहेत. ‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे काळ व स्थळ यांचा प्रश्न: तो माणूस त्या वेळी कामावर होता काय? ‘नोकरीतून उद्भवलेला’ म्हणजे कारणाचा प्रश्न: कामाने त्यास त्या धोक्यापुढे उभे केले काय? गोदामात काम करीत असताना एखाद्यास झोपेत असतानाच्या जुन्या व्याधीचा झटका आला, तर पहिली अट पुरी होते, दुसरी होईलच असे नाही. दोन्ही अटी सिद्ध करण्याचा भार, सामान्यतः, भरपाई मागणाऱ्यावर असतो.

हा भार किती जड असू शकतो याचे उदाहरण मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या खटल्यात पाहावयास मिळते. ‘द्वारका’ नावाच्या जहाजावर एक खलाशी होता. डिसेंबर १९६१ मध्ये त्याच्या छातीत दुखू लागले. जहाजावरील डॉक्टरांनी औषध दिले. १६ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर तो जहाजाच्या वरच्या भागात दिसला, त्यास परत पाठविण्यात आले. तीनच्या सुमारास ‘झोपावयास जातो’ असे त्याने एका सोबत्यास सांगितले. सकाळी तो जहाजावर नव्हता. प्रेत मिळाले नाही. समुद्र खवळलेला नव्हता. भरपाई आयुक्तांनी दावा फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेटाळला. न्यायालय म्हणाले की प्रत्यक्ष साक्षीदार असलाच पाहिजे असे नाही. सिद्ध झालेल्या गोष्टींवरून अनुमान काढता येते. मात्र ते अनुमान असावे, तर्कट नव्हे. तो नोकरीच्या ओघात नाहीसा झाला हे खरे, पण नोकरीमुळे नाहीसा झाला असे म्हणण्यास आधार नव्हता. त्याच्या घरच्यांचे दुःख या निर्णयाने यत्किंचितही कमी झाले नसेल. तरीपण कायद्याची रेषा कोठे आहे ते त्यावरून नीट समजते.

पहिल्या अटीविषयी, म्हणजे काळ व स्थळ यांविषयी, न्यायालये उत्तरोत्तर उदार होत गेलेली दिसतात. २० जुलै १९५७ रोजी मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचा एक बसचालक आपली पाळी संपवून जोगेश्वरीच्या आगारात बस ठेवून, उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला. त्या बसला अपघात होऊन तो दगावला. पाळी तर संपली होती! परंतु चालकांनी वेळेवर यावे-जावे म्हणून बसप्रवासाची सोय ही सेवेचाच भाग होती, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने वारसांच्या बाजूने निकाल दिला. उलट, त्यापूर्वी १९५८ मध्ये पोरबंदरकडील मिठागराचे कामगार खाडी ओलांडताना होडी उलटून बुडाले, तेव्हा ती होडी सर्वांसाठी असलेली सार्वजनिक वाट होती म्हणून मालकावर जबाबदारी आली नव्हती. आपल्या मध्य प्रदेशातील एक खटलाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंदूर-बऱ्हाणपूर मार्गावरील बसचा चालक मुक्कामी असताना बसच्या छतावर जेवून खाली उतरताना पडला व मरण पावला. जेवण हे काही बस चालविणे नव्हे. पण वेळापत्रक सांभाळण्यासाठी त्यास बसपाशीच राहावे लागत होते, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मृत्यू नोकरीतूनच उद्भवला असे ठरविले.

सर्वांत अलीकडचा निकाल मराठवाड्यातला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलीवरून निघाला व कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असता अपघातात ठार झाला. आयुक्तांनी भरपाई दिली, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. अपघाताची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल, तर घर ते काम हा प्रवासही नोकरीच्या कक्षेत येतो, असा हा निर्णय आहे. नव्या संहितेत हे तत्त्व स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. ज्यांच्या वखारीत पहाटे गाडी उतरते अशा सदस्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी अट अधिक सूक्ष्म आहे, कारण तेथे वैद्यकाचा प्रश्न येतो. हाताचे बोट यंत्रात सापडून तुटले तर वाद कसला? वाद होतो तो हृदयविकार, पाठदुखी, अंतर्गळ अशा दुखण्यांविषयी, जी मुळात शरीरात असू शकतात व कामाने उफाळून येतात. १९५३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका रात्रपहारेकऱ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्यास हृदयविकार होता. पहाऱ्याच्या कामाचा ताण पडून तो मरण पावला. मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी असे तत्त्व सांगितले की, नोकरी हे मृत्यूचे एक साहाय्यक कारण असेल, किंवा तिने मृत्यू लवकर ओढवून आणला असेल, तर तेवढा संबंध पुरेसा आहे. मात्र रोग आपल्या स्वाभाविक गतीने शेवटास गेला असेल तर नाही.

आमच्या वाचकांना हे समजावयास कठीण जाऊ नये. उपादान कारण व निमित्त कारण हा भेद आपण प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घड्याचे उपादान माती, निमित्त कुंभार व त्याचे चाक. दुबळे हृदय हे उपादान म्हटले, तर रात्रभराचा पहारा हे निमित्त. उपादान कामगाराच्या शरीरातच होते म्हणून मालक सुटत नाही. निमित्त कामाचे होते काय, एवढेच कायदा विचारतो. अर्थात शास्त्रातील निमित्ताची चर्चा याहून पुष्कळच खोल आहे, आणि ती येथे ओढूनताणून आणण्याचा आमचा विचार नाही.

निमित्त होते हे मात्र दाखवावे लागते. एका गाडीवरील तरुण क्लीनर हृदयक्रिया बंद पडून मरण पावला, तेव्हा कामाचा ताण होता असे दर्शविणारा पुरावाच नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याच्या आईचा दावा नाकारला. उलट, एक ट्रकचालक दिल्लीहून झारखंडमधील निमियाघाटपर्यंत, म्हणजे ११५२ किलोमीटर, गाडी हाकत गेला; तेथे प्रकृती बिघडल्याने त्याने गाडी रस्त्याच्या कडेस एका हॉटेलाजवळ उभी केली व तो कोसळला. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने या मृत्यूचा संबंध कामाशी जोडला. दोन्ही मृत्यू गाडीवरील माणसांचे, दोन्ही हृदयाचे. एका ठिकाणी प्रवासाचा लांबलचक हिशेब पुराव्यात आलेला होता, दुसऱ्या ठिकाणी काहीच आले नव्हते.

पाठीच्या दुखण्यात हीच अडचण होते. पन्नाशीच्या हमालाच्या कण्याचा एक्स-रे काढला तर मणक्यांची झीज बहुधा दिसेलच. विमा कंपनीचे वकील त्या झिजेकडे बोट दाखवितात. अशा वेळी डॉक्टरांची साक्ष काही ठराविक गोष्टींवर टेकते. अपघातापूर्वी तो माणूस रोज ओझी उचलत होता काय? दुखणे अपघातानंतर लगेच सुरू झाले की महिन्याने? मध्ये दुसरे काही घडले काय? आणि जशा प्रकारे लागले असे सांगितले जाते, तशा प्रकाराने तशी इजा होऊ शकते काय? जुनी झीज असूनही नवी चीर ओळखता येते. पण एक्स-रे त्या आठवड्यात काढलेला असेल तर. दोन वर्षांनी काढलेल्या एक्स-रेवरून कोणता डॉक्टर शपथेवर सांगू शकेल? लहान जखमेतून धनुर्वात होऊन मृत्यू आला, तर जखम ते मृत्यू ही साखळी कागदोपत्री अखंड दिसावी लागते. एक दुवा हरवला की दावा लटका पडतो. उपचार घेण्यास कामगाराने विनाकारण नकार दिला व त्यामुळे इजा वाढली, तर वाढीव भागाची भरपाई मिळत नाही, हेही येथे सांगून ठेवितो.

आमच्या मते या साऱ्या वादांचे मर्म पहिल्या दिवसाच्या लेखात आहे, आणि त्याची उपेक्षा व्यापाऱ्याने करावी हे नवल होय. आपण रोजकीर्दीशिवाय दिवस मावळू देत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २८ व्या कलमात, असे म्हटले आहे की धंद्याच्या नेहमीच्या ओघात ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यास येते; मात्र केवळ नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, तिला दुसरा आधार लागतो. तारखेच्या तारखेस लिहिलेली ओळ मागाहून आठवून सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा वजनदार ठरते, हे आपण न्यायालयात अनेकदा पाहिले आहे. अपघाताचेही तसेच आहे. १९२३ च्या कायद्यानेच अशी तरतूद केली होती की, राज्य सरकारने फर्माविल्यास मालकाने कामाच्या जागी अपघाताच्या सूचनांची वही ठेवावी व ती कोणाही जखमी कामगारास सहज हाती लागावी. कामगाराने लेखी सूचना दिली नाही, तरी मालकास अपघात अन्य रीतीने ठाऊक असेल, तर सूचनेच्या अभावी त्याचा हक्क बुडत नसे. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास सात दिवसांत आयुक्तांकडे अहवाल पाठवावा लागे. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती.

काही सदस्य विचारतील की, नोंद करून आपणच आपल्या विरुद्ध पुरावा का तयार करावा? प्रश्न व्यवहारी आहे, म्हणून व्यवहाराचेच उत्तर देतो. जानेवारी २०२० पासून या कायद्याखाली मासिक वेतनाची मोजणी १५,००० रुपयांपर्यंत होऊ लागली. मृत्यूच्या बाबतीत वेतनाची निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाची; तीस वर्षांच्या माणसासाठी तो गुणक २०७.९८ होता. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. बारा टक्के व्याज त्यावर. देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराचा हात गेल्याच्या खटल्यात १९७५ मध्येच सांगितले आहे. देण्यास अकारण विलंब केल्यास निम्म्या रकमेपर्यंत दंड. आणि १९९७ च्या निर्णयाप्रमाणे वाहनाचा विमा उतरविलेला असला तरी विमा कंपनी मूळ रक्कम व व्याज देते, दंड मालकाच्या खिशातून जातो. नोंद नसेल तर विमा कंपनी सर्वप्रथम अपघातच नाकारते, आणि मग कामगार व मालक दोघेही एकाच बाजूस उभे राहून खोटे ठरतात. मृताच्या घरी रोख रक्कम नेऊन दिल्यानेही देणे फिटत नसे; ती आयुक्तांकडेच भरावी लागे.

दोन ठिकाणी कायद्याने सिद्धतेचा हा भार हलका केला आहे. जेथे कामगार राज्य विमा योजना लागू आहे, तेथे नोकरीच्या ओघात घडलेला अपघात, विरुद्ध पुरावा नसल्यास, नोकरीतूनच उद्भवला असे गृहीत धरण्याचा नियम १९४८ च्या कायद्यात घातला गेला. दुसरे ठिकाण व्यावसायिक रोगांचे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा अनुसूचीतील रोग आहे. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील मंदसोरच्या स्लेट-पेन्सिलींच्या कारखान्यांत या धुळीने कित्येक कामगारांची फुप्फुसे निकामी झाली. त्यांच्यासाठी मध्य प्रदेशास १९८२ मध्ये स्वतंत्र कल्याणनिधीचा कायदा करावा लागला. अशा रोगात अपघाताचा एक दिवस, एक तास दाखविता येत नाही. म्हणून ठराविक कामावर असलेल्या माणसास तो रोग जडला की तो कामामुळेच जडला असे कायदा मानतो. तथापि तेथेही तो माणूस त्या कामावर होता हे हजेरीपत्रकावरूनच दिसावयाचे, आणि दगडाच्या खाणीवर हजेरीपत्रक किती ठिकाणी ठेवतात ते वाचक जाणतातच.

आता त्या हमालाकडे परत येऊ. चार महिने अंथरुणावर काढल्यावर त्याने दावा लावला. विमा कंपनीच्या वकिलांनी इस्पितळाचा केसपेपर पुढे ठेवला: घरी जिन्यावरून पडला. त्याचे घर एका खोलीचे, तळमजल्यावरचे, जिना नव्हताच. पण हे सांगणार तोच, आणि कागद त्याच्या विरुद्ध. पेढीच्या मालकांनी तेव्हा त्या दिवशीची रोजकीर्द बाहेर काढली. तीत मुनीमजींच्याच अक्षरात ओळ होती: रिक्षाभाडे, गोदाम ते इस्पितळ, हमालास लागले सबब, खाली औषधांची रक्कम. मालकांनी मुनीमजींना साक्ष देण्यास मोकळे सोडले. मुनीमजी उभे राहिले व डॉक्टरांना आपणच खोटे सांगितले, असे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले. उलटतपासणीत त्यांची पुष्कळ शोभा झाली. इस्पितळातील डॉक्टरांनी सांगितले की कमरेच्या मणक्याची चीर ताजी होती, व वाकलेल्या माणसावर वरून वजन पडल्याने ती होऊ शकते. आयुक्तांनी रोजकीर्दीची ओळ, साक्ष व एक्स-रे ही तिन्ही एकत्र धरून संबंध सिद्ध मानला.

रक्कम हाती येईपर्यंत तीन वर्षे गेली. तो हमाल पुढे ओझे उचलू शकला नाही. त्याच पेढीवर तो आता काट्याजवळ बसून पोती मोजतो.